नवऱ्याची झोप

टाकेबाईला बसून राहायला शिकवावं लागलं नव्हतं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती जुन्या पुस्तकांचे सुटलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, पुन्हा शिवायची, आणि हे काम काही उभ्याने होत नाही. सकाळी एकदा खुर्चीत टेकली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाई हलायची नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, खुर्ची मोडली तरी ही तशीच अधांतरी बसून राहील. संध्याकाळी मात्र ती दोन थांबे आधी उतरून घरापर्यंत झपझप चालायची. लहानपणापासून इन्सुलिनच्या सुईवर जगणारी बाई. अंगाचे लाड केले की ते डोक्यावर बसतं, हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं.

ह्या चालण्याची एक खोड होती. चाललं की साखर खाली येते, हे खरं. पण ती थांबते कुठे? माणूस झोपलं तरी ती उतरतच राहते. मग दंडावर चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर मोबाइलला कळवायचा आणि मोबाइल अख्खं घर डोक्यावर घ्यायचा. नवरा धडपडत उठायचा, फळांचा रस आणून तिला पाजायचा, आणि आकडा वर येईपर्यंत भिंतीला टेकून जागत बसायचा. नवरा बसड्रायव्हर. पहाटेची पहिली गाडी त्याचीच.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी त्याला चाकावर डुलकी लागली. बस फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला टेकली. कोणाला खरचटलंही नाही, पण डेपोच्या साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर चाक सोडायचं आणि कायमचं स्टोअरमध्ये बसायचं." दोन दिवस तो धड जेवला नाही.

त्या दिवसापासून टाकेबाईने शहाणपणा सुरू केला. शहाणपणाच म्हणायचा, दुसरं काय! चालणं बंद. रात्रीचं इन्सुलिन थोडं कमी, वर झोपताना चार बिस्किटं. साखर चढल्याचा आवाज मोबाइलवर बंद करता येतो, तो तिने केला. उतरल्याचा, धोक्याचा आवाज बंद होत नाही, तर तो वाजायची वेळच येऊ द्यायची नाही. अळीमिळी गुपचिळी.

मोबाइल गप्प झाला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तकाकी आली. फोनवर बहिणीला सांगायचा, "ताई, हिने कमाल केलीय. रात्री एकदा म्हणून वाजत नाही!" टाकेबाई खाली मान घालून भाजी चिरत राहायची.

तिचं मात्र सगळं उलटं झालं होतं. साखर चढली की तहान लागते. पाणी प्यायचं आणि पाठोपाठ संडास गाठायचा, असं पहाटेपर्यंत चालायचं. झोपेचं पार खोबरं. दिवसा ती खुर्चीत पेंगायची आणि अंग इतकं जड व्हायचं की सुट्टीतही उठवत नसे. पुढे गोष्ट सुईवर आली. जुनं पुस्तक शिवताना नवं भोक पाडायचं नाही, जुन्याच भोकातून सुई न्यायची, हा बांधणीतला कायदा. कागद आधीच म्हातारा. टाकेबाईला कडा अंधूक दिसायला लागल्या आणि सुई भोकाशेजारी टोचू लागली. मालकिणीने एक फर्मा खिडकीशी धरला, तर नको तिथून उजेड आला. "टाकेबाई, हे तुमचं काम?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ती रडली, आणि झोपताना पुन्हा चार बिस्किटं खाल्ली. आता काय म्हणावं हिला?

तिमाही तपासणीला नवरा हौसेने बरोबर आला. शाबासकीत त्याला वाटा हवा होता. डॉक्टरबाईंनी आकडे बघितले आणि चष्मा काढला.

"दिवसा ठीक आहे. झोपलात की साखर डोंगर चढते, आणि तेही रोज. हे आपोआप होत नाही." मग त्यांनी डोळ्यांचा फोटो पुढे केला. "डाव्या डोळ्याच्या पडद्यावर बारीक ठिपके आहेत. ते ह्याच काळातले असं मी म्हणत नाही. पण असंच चालवलंत तर सुईदोरा विसरा."

टाकेबाईने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग चालायच्या दिवशी डोस किती कमी करायचा ते नीट समजावलं.

बाहेर येऊन तो बाकावर बसला. हा आता चिडणार, असं वाटून तिनेच सुरुवात केली. "अहो, तुमचं चाक जाईल म्हणून केलं. सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तू रात्रभर उठतेस ते. पाणी पितेस ते. इतकी वर्षं झाली लग्नाला, त्याचा अर्थ मला कळत नाही होय? लगेच कळलं होतं."

"आणि बोलला नाहीत?"

त्याने मान वर केली नाही. "झोप लागत होती गं. तू उठलीस की मी डोळे मिटून पडायचो. उद्या विचारू म्हणायचो."

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार, असं म्हणतात. इथे तर त्याला जाग येऊ नये म्हणून ती अंधारात चवड्यांवर चालत होती, पलंगाला गुडघा आपटला तरी तोंड दाबून धरत होती! तिला असा संताप आला की अंगातली पेंग पार उतरली.

"आणि ताईंना सांगत होतात ते?"

"ते सांगताना खरंच वाटायचं."

ती उठून उभी राहिली. "मोबाइल आजपासून तुमच्या उशाशी. वाजला की उठायचं. आणि उद्या साहेबांना सांगायचं, पहाटेची गाडी झेपत नाही, घरी बायकोला रात्री बघावं लागतं, दुपारची द्या."

"डेपोत सगळ्यांना कळेल."

"कळू दे."

"आणि साहेबांनी नाही दिली तर?"

"तर स्टोअरमध्ये बसा," टाकेबाई म्हणाली. "डोळे शाबूत असलेल्या माणसाला तिथे पुष्कळ काम असेल."

ती जिना उतरून चालायला लागली. थांब्यावर बस उभी होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. थोड्या वेळाने मागून त्याची पावलं ऐकू आली, पण ती थांबली नाही.