शेवटचा नंबर

शेतातल्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, फाटकन आवाज झाला आणि चारही मोटारी गप्प झाल्या. रामदासने कपाळावर हात मारला. फ्यूज उडू नये म्हणून दोन महिने राबून केलेल्या बदलाने पहिल्याच दिवशी फ्यूज उडवला होता!

वारूळवाडीत मोटारींचं रिवाइंडिंग करणारा हा गडी चाळिशीत मोबाइलवर बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकला. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा एक प्रोग्रॅम होता, सगळ्यांचा मिळून. कोणीही बदल सुचवावा, जाणत्यांनी तपासून आत घ्यावा. पण एका डीपीवरच्या मोटारी त्या प्रोग्रॅमने एकदम उठायच्या आणि फ्यूज जायचा. रामदासने नंबर लावले. प्रत्येक मोटार आपल्या नंबराप्रमाणे तीन-तीन मिनिटं थांबणार. नंबर ज्याचा त्याने आपल्या मोबाइलवर भरायचा. तपासणाऱ्या उज्ज्वलाबाईंनी नागपूरहून कळवलं, ‘चार मोटारींवर चालवून दाखवा, मग घेऊ.’ म्हणून तो राजुरीला, भिमाजी अण्णांच्या डीपीवर आला होता.

मुळात ही कल्पना अण्णांचीच. वीज आली की ते विहिरीच्या कठड्यावर टेकायचे. “लावा तुमी. मी तंबाखू मळतो.” गोरख, सुदर्शन, बाजीराव या तिघा शेजाऱ्यांच्या मोटारी चालल्या की मग यांची. मागच्या मार्गशीर्षात अण्णा गेले; मोटार आता त्यांच्या बायकोकडे, फुलाबाई काकूंकडे होती.

“गोरखभाऊ, किती नंबर टाकला?” रामदासने विचारलं.

“चार. काकूंच्या म्होरं कसं घुसायचं? लई वंगाळ दिसतं.”

सुदर्शननेही चार टाकला होता. बाजीरावांनीही चारच. आणि फुलाबाई काकूंच्या मोबाइलवरही चार! बारा मिनिटं सगळे गुण्यागोविंदाने थांबले आणि एकदम उठले. हसावं की रडावं, रामदासला कळेना. माणसं मागं राहायला एवढी हटून बसतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने उज्ज्वलाबाईंना खरं ते कळवलं, ‘चूक माझी.’ आणि दोन दिवस खपून दुरुस्ती केली. एकाने घेतलेला नंबर आता दुसऱ्याला मिळणार नव्हता.

पुन्हा सगळे डीपीखाली जमले.

“काकू, पयला नंबर तुमचा,” गोरख म्हणाला. “एकल्या मानसानं कशाला ताटकळायचं?”

“न्हाई भाऊ,” फुलाबाई म्हणाल्या. “ह्यांचा शेवटचा व्हता. तेवढा तरी ऱ्हाऊ द्या मला.”

वीज आली. गोरखची मोटार लागली, सुदर्शनची लागली, बाजीरावांची लागली. फुलाबाई कठड्यावर बसून होत्या. आणखी तीन मिनिटांनी चौथी मोटार उठली आणि पाइपातून पाणी आलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

दुपारी उज्ज्वलाबाईंचा निरोप आला, ‘बदल आत घेतला. अभिनंदन!’ रामदास जेवण टाकून राजुरीला धावला.

“काकू, प्रोग्रॅमात माझ्या नावाबरोबर अण्णांचंबी नाव लिवलं व्हतं. बाईंनी ते तसंच ठिवलं बघा! आता गावोगावच्या मोटारींत जाईल.”

फुलाबाई मोबाइलवरच्या बारक्या अक्षरांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

“शेवटी लिवलंय ना?”

“हां काकू. शेवटीच.”

“मंग बरं,” त्या म्हणाल्या आणि दारं मोडायला, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला निघाल्या.