गाडीचा आजा

बोनेट उघडं होतं आणि गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

अड्याळच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली देवाजीनं पांढरी मारुती उभी केली, खाली उतरला, बोनेट उघडून दांडी लावली आणि खांद्यावरचा ओला फडका हातात घेऊन बाजूला उभा राहिला. पूजा मांडून झाल्यावर यजमान उभा राहतो, अगदी तसा. गाडीत दोघं होते. मागे नागपूरच्या कॉलेजातले खोब्रागडे सर, आणि पुढे जपानहून आलेले साकाई नावाचे वयस्कर पाहुणे.

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं, देवाजी?"

"काही नाई झालं जी."

"मग थांबलात कशाला?"

"काही नाई झालं, थेच दाखवाले थांबलो. पाहुण्याईले म्हणा, उतरा आन पाहून घ्या. तेलाचा एक थेंब गळत नाई. वर्ष होत आलं, म्या पाना लावला नाई."

सर पाहुण्यांकडे बघायला लागले आणि पाहुणे देवाजीकडे.

आता यात देवाजीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आमची पवनी ही कोष्ट्यांची. इथल्या विणकराला स्वतःच्या मागावरचं लुगडं कुठं दिसलं, की त्याच्यानं राहवत नाही. देवाजीचा बाप तर लग्नाच्या पंगतीत एखाद्या बाईला म्हणायचा, "बाई, पदर जरा उलटा करून दाखव वं, माह्या मागावरचा दिसते." कुणाला त्यात वावगं वाटत नसे. कापडाची खरी अक्कल उलट्या बाजूला असते, आणि ज्यानं विणलं तो ती बघणारच. मग गाडी जपानची, पाहुणाही जपानचा, आणि हा गृहस्थ भंडाऱ्यापासून आपल्याच गाडीत बसून बाहेरचं निसवलेलं धान बघतोय! देवाजीला वाटलं, परका मुलूख आहे, बिचारा लाजत असेल. आपणच उलटी बाजू दाखवावी.

पण देवाजीचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत.

पुंडलिकरावांच्या राइस मिलवर तो पासष्ट सालापासून ड्रायव्हर. तेव्हा अँबेसेडर होती. ती गाडी म्हणजे रुसकी सून. चढावर तापायची, उन्हाळ्यात पंपातलं पेट्रोल उडायचं, टाकी गळायची. देवाजी पंपावर ओला फडका गुंडाळायचा, टाकीच्या भोकाला अंगाचा साबण चोळायचा, हँडल मारायचा, गाडीला दोन शिव्या आणि एक नमस्कार घालायचा, की गाडी चालू. पुंडलिकरावांच्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणात याच गाडीनं नदीच्या पुलावर दम टाकला होता आणि देवाजीनं ती कशीबशी दवाखान्यापर्यंत आणली होती. तेव्हा झालेला मुलगा खुशाल आता वीस वर्षांचा. "देवाजी आहे ना, मंग कायची फिकीर," हे वाक्य त्या घरात रोज बोललं जायचं. खांद्यावरचा ओला फडका ही देवाजीची ओळखच झाली होती.

मग पंच्याऐंशीच्या दिवाळीत ही मारुती आली. अँबेसेडर अड्याळच्या एका ठेकेदाराकडे गेली. गावभर एकच चर्चा. जपानी मशीन होय बापा! घड्याळ जपानी, रेडिओ जपानी, आता गाडी बी जपानी. थे लोक एकदा बनवतेत तं बनवतेत. देवाजी मनात म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. पण नऊ दिवस गेले, होळी गेली, पोळा गेला आणि गाडी नुसती किल्ली फिरवली की चालू. देवाजी सवयीनं फडका ओला करून निघायचा आणि संध्याकाळी तो खांद्यावरच वाळून जायचा.

खुशाल चार दिवसांत गाडी शिकला. गेल्या आठवड्यात पुंडलिकराव ओसरीवर बसून म्हणाले, "देवाजी, दसऱ्यापासून खुशाल चालवंल गाडी. तू मिलच्या फाटकावर बस. पगार तोच. उन्हातान्हातली वणवण सुटली बापा तुही."

देवाजी "हो जी" म्हणाला आणि घरी आला. रागवावं तर कशावर? पगार तोच, वर सावली. खूश व्हावं तर हातातली किल्ली जाणार. गाडी एकदा तरी बंद पडावी असं त्याला वाटायचं, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची, कारण ती त्याच्याच हातातली गाडी. ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय असतं, हेच त्याला कळेनासं झालं होतं. अशात समजलं, की पवनीच्या टेकडीवरचे जुन्या बौद्ध स्तूपांचे अवशेष बघायला जपानचा माणूस येतोय आणि त्याला आणायला मालकांनी आपली गाडी कबूल केली आहे. देवाजीनं तिथल्या तिथं ठरवलं. जपानचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचाच माणूस असणार. त्यानं मालकाला एक शब्द टाकला, की ही गाडी जाणत्या ड्रायव्हरच्याच हातात ठेवा, तर मालक ऐकतील.

हे सगळं त्यानं मोहाखाली उभं राहून सरांना सांगितलं. सर उतरले, त्याच्याजवळ आले.

"देवाजी, हे कंपनीचे नाहीत हो. हे जुन्या स्तूपांचा अभ्यास करतात."

"पण जपानचे तं होय ना?"

"जपानचे आहेत. म्हणून काय सगळे गाड्याच बनवतात? तुम्ही पवनीचे, तुम्ही विणता का?"

"माही माय विणते," देवाजी म्हणाला. "बापानं बी विणलं. मीच सोडलं जी. गिरणीचं कापड आलं, मागावर पोट भरंना."

सरांनी हे पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. साकाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. दार उघडून उतरले आणि खरंच बोनेटपाशी येऊन आत बघायला लागले. मग बराच वेळ सरांशी काहीतरी बोलले.

सर वळले तेव्हा त्यांचाही चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "देवाजी, हे म्हणतात, यांचं गाव ही गाडी बनवणाऱ्या सुझुकी कंपनीच्या गावाजवळच आहे. त्या कंपनीनं आधी गाड्या बनवल्याच नाहीत. माग बनवले."

"काय बनवले?"

"माग. विणायचे. मूळ मालक सुतारकाम शिकलेला, कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा. त्यानं पहिला माग आपल्या आईसाठी बनवला, तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. यांची आईसुद्धा त्याच कंपनीच्या मागावर विणायची."

"मस्करी करून राहिले का जी माही?"

"नाही हो!"

देवाजीनं इंजिनाकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे. मग पुन्हा इंजिनाकडे. "मागाची गाडी कशी होईन जी? मंग माग काहून सोडले त्याईनं?"

सरांनी विचारलं. साकाईंनी उत्तर दिलं आणि सरांनी सांगितलं, "तिकडे असं सांगतात, की त्यांचे माग फार पक्के निघाले. एकदा घेतला की मोडतच नसे. मग दुसरा कोण घेणार? म्हणून त्यांना दुसरं काम शोधावं लागलं."

"म्हणजे चांगलं बनवलं म्हणून त्याईचंच काम गेलं?"

"तसंच म्हणायचं."

देवाजीनं बोनेट लावलं. त्याला काहीतरी फार जवळचं ऐकल्यासारखं वाटत होतं, पण ते आपल्या बाजूचं आहे की विरुद्ध, याचा काही पत्ता लागेना. त्यानं गाडी पवनीकडे काढली.

टेकडीवरच्या विटा बघून झाल्यावर साकाईंनी स्वतःहून विचारलं, की देवाजीच्या घरचा माग बघायला मिळेल का.

देवाजीची आई गोदावरीबाई खड्ड्याच्या मागावर बसून पंचा विणत होती. सत्तरीची म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण पाय खाली मागाच्या पावड्या दाबत आपसूक चालायचे. पाहुणे आत आले तरी तिनं ओळ पुरी केली आणि मगच हात थांबवला. साकाई जमिनीवर मांडी घालून बसले. विणून झालेल्या पंच्याचं टोक त्यांनी हलकेच उचललं आणि उलटून बघितलं.

म्हातारीनं मान वर केली. "हा कोष्टी होय का रे, देवा?"

"नाई वं माय. जपानचा होय."

"मंग जपानचा कोष्टी असंल. उलटं पाह्यते ना."

सरांनी ते सांगितलं तेव्हा साकाई पहिल्यांदा मोकळं हसले आणि छातीवर हात ठेवून त्यांनी मान डोलावली. देवाजीनं मग आईला सगळी कथा सांगितली. आईसाठी माग करणारा पोरगा, पक्के माग, मग गाड्या. गोदावरीबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"माईसाठी माग केला? गुणाचा पोरगा." तिनं आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला. "आन थो बी माग सोडून गाडीवरच गेला म्हन. मंग तुह्यात आन त्याच्यात फरक काय झाला?"

"फरक नाई कसा? त्यानं गाडी बनवली, मी निस्ती चालवली. आन आता थे बी नाई." देवाजीचा आवाज फाटला. "त्याच्या गाडीनंच माहं काम नेलं, माय. शिवी बी देता येत नाई, इतकी चांगली गाडी आहे!"

सरांनी हे भाषांतर केलं नाही, पण साकाईंना ते कळलं असावं.

मिलवर आल्यावर पुंडलिकराव हार घेऊन फाटकाशीच उभे. "विचारा जी सर, गाडी कशी वाटली म्हणा, त्याईच्या देशाची?"

सरांनी विचारलं. विचारताना देवाजीकडे बघितलं आणि इंग्रजीत दोन वाक्यं जास्तच बोलले. साकाई म्हणाले, गाडी छान आहे, आणि ती एका जाणत्या माणसाच्या हातात आहे. मग ते देवाजीकडे वळले आणि कमरेतून पुरते वाकले.

"पाह्य बे देवाजी!" पुंडलिकरावांना कौतुक आवरेना. "जपानी मानूस तुले नमस्कार करून राहिला! नशीब लागते बापा." आणि त्याच दमात खुशालला म्हणाले, "जाय, पाहुण्याईले भंडाऱ्याले तू सोडून दे. हात बसंल तुहा."

देवाजीनं किल्ली खुशालच्या हातात दिली. हवा होता तो शब्द पडला होता, मालकांनी तो ऐकलाही होता, आणि झालं मात्र काहीच नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी मिलमध्ये हत्यारांची पूजा. तराजू, फावडी, मोटारीचे पाने, सगळं धुऊन पाटावर मांडलं. गाडीला झेंडूचा हार घातला. खुशालनं गाडीतल्या पान्यांची पिशवी आणली. प्लास्टिकची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. तो चाचरला.

"देवाजी काका, ही उघडून मांडू का तशीच ठेवू? पान्याईले तं कधी हातच नाई लागला."

देवाजी घरून नुकताच आला होता. घरी कोष्ट्यांच्या रिवाजाप्रमाणे आज माग बंद, मागाला हळदकुंकू वाहिलेलं. त्यानं पिशवी तशीच बाजूला ठेवली, खांद्यावरच्या फडक्यातून एक धोटा काढला, वापरून वापरून काळा गुळगुळीत झालेला, आणि गाडीसमोर पाटावर मधोमध मांडला. आई म्हणाली होती, "तिकडं कायले नेतं रे?"

"हे काय रे?" पुंडलिकराव पुढे झाले. "गाडीच्या पूजेत धोटा?"

"गाडीचा आजा होय जी," देवाजी म्हणाला. "म्हाताऱ्याले आंधी कुकू लावा. मंग नातवाले."

माणसं हसली. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी देवाजीच्या तोंडाकडे बघितलं. मग वाकून त्यांनी धोट्याला कुंकू लावलं. नारळ फुटला, खुशालनं किल्ली फिरवली, आणि गाडी लिंबू चिरडून कसलाही आवाज न करता फाटकाबाहेर गेली. फाटक देवाजीनंच उघडलं होतं. ते त्यानंच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. देवाजी सकाळी उठून मागापाशी गेला आणि आईला म्हणाला, "सरक वं माय जराशी. मी बसतो."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "येईन का रे? जमाना झाला."

"पाह्यतो."

तो खड्ड्यात पाय सोडून बसला. खाली दोन पावड्या. वीस वर्षांची गाडीची सवय ती. डावा पाय क्लचवर पडावा तसा एकदम खालपर्यंत गेला आणि ताण्यातलं उभं सूत तटकन तुटलं. देवाजीनं हात आवरून घेतले.

"ओला फडका दे बरं तुहा," गोदावरीबाई म्हणाली. फडका सकाळीच भिजवून खांद्यावर टाकलेला होता. तिनं त्याला बोटं लावून ओली केली, चाचपडत तुटलेली दोन टोकं धरली, पिळून गाठ मारली आणि धोटा त्याच्या हातात दिला.

"आता हळू," ती म्हणाली.