देवदाराच्या गळ्यातली पाटी

मित्रांनो, मी देवदाराच्या लाकडाची एक जुनी पाटी आहे. ज्या वृक्षाला मी बांधलेली आहे, तोही देवदारच. आप्ताच्या आश्रयास राहावे, तशी मी येथे राहते.

या डोंगरातील झऱ्यावर खालच्या कोसावा गावाची भातशेती पिकते. झऱ्यावरचा उतार त्याच्या मालकाने विकावयास काढला आणि गोल्फच्या मैदानासाठी एक कंपनी तो मागू लागली. हिमवर्षावापूर्वी गावाने पैसे भरल्यास गावालाच देईन, असे मालक म्हणाला. परंतु गावाजवळ तेवढे धन कोठून असणार? तेव्हा वृद्ध तोकिए आजींनी शेजारच्या आपल्या उतारावरील झाडे विकावयास काढली, ती मात्र उभीच. झाड तोडायचे नाही. घेणाऱ्याच्या नावाची पाटी त्याला बांधायची. खिळा ठोकणे आजींना मंजूर नव्हते, म्हणून गवताची दोरी आली.

नावे लिहिण्याचा मान मंदिराचे पुजारी गेन्शो यांचा. त्यांनी मंदिरातील पाट्यांप्रमाणेच काजळीच्या शाईने सुरेख अक्षरे काढली. माझ्यावर बोटीवरचे आचारी इवाओ यांचे नाव आले. पावसाने ते सारे धुऊन नेले.

इवाओ आपले झाड पाहावयास आले, तेव्हा मी कोरी होते. त्यांनी शांतपणे विचारले, "आजी, माझं झाड दुसऱ्या कुणाला विकलंत का?"

झाडे घेणारे बहुतेक इवाओंच्या बंदरातलेच; ही शंका तेथे पोहोचली आणि येणारी मदत थांबली.

आजी पुजाऱ्यांना म्हणाल्या, "बुवा, अक्षर देखणंच आहे तुमचं. पण देवळातल्या पाटीला छप्पर असतं. झाडावर काय तुम्ही छत्री धरणार होतात?"

 पुजाऱ्यांनी छिन्नी मागितली आणि ज्याचे झाड, त्याच्यासमोरच नाव कोरण्याचे ठरवले. सर्वांना बोलावणी गेली. प्रथम इवाओ आले. त्यांनी मला गुडघ्यांत घट्ट धरले.

"जपून, बुवा," ते म्हणाले, "बोट कापलंत तर बोटीवर मासे कोण चिरणार?"

मला वेदना झाल्या, पण ते नाव आजही वाचता येते. इवाओंनी बंदरात शब्द टाकला. पैसा पुन्हा येऊ लागला. पहिला बर्फ पडला, तो गावाच्या मालकीच्या उतारावर.

आता आजी नाहीत, पुजारीही नाहीत. माझ्या अक्षरांत शेवाळ भरले आहे. मित्रांनो, विकत घेतल्याने डोंगर राखला जात नाही. वृक्ष दरवर्षी जाड होतो, म्हणून दरवर्षी कोणीतरी येऊन दोरी सैल करावी लागते; नाहीतर त्याच्या रक्षणासाठी बांधलेली दोरीच त्याच्या सालीत रुतते.

या वर्षी अजून कोणी आलेले नाही.