दात झिजलेली पक्कड

मित्रांनो, पक्कड म्हटली की तिच्या जबड्यात दात हवेत. माझे केव्हाच झिजून गेले. मुठींवरचं लाल आवरणही आता उरलेलं नाही. तरीसुद्धा काळेवाडीतल्या झुलेखाभाभींच्या घरात मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात. या वयात एवढी माया माझ्या वाट्याला कशी आली, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लालभडक पोलादावर घणाचा घाव बसला आणि मला आकार आला. मग कुणीतरी माझ्या जबड्यांत बारीक दाते कोरले, दोन्ही अंगं एका खिळ्यानं जोडली आणि मला खोक्यात भरलं. ते खोकं उघडलं ते थेट पिंपरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात. समोर एक तरुण उभा होता. त्यानं मला हातात घेतलं, दोन-तीनदा उघडझाप केली आणि म्हणाला, "ही द्या." ते वजीरभाई.

त्यांनी तेव्हा काळेवाडीत दुचाकी दुरुस्तीचं नवं गॅरेज टाकलं होतं. चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे लोक सकाळी घाईघाईनं गाडी घेऊन यायचे. कुणाची क्लचची वायर तुटलेली, कुणाचा ब्रेक अडकलेला. वजीरभाई मागं न बघता हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "माझी पक्कड कुठंय?" गॅरेजमध्ये दुसऱ्या पकडीही होत्या, पण 'माझी' म्हणजे मीच. ते माझ्या भरभराटीचे दिवस होते.

पण वायरी ओढून ओढून माझे दात झिजले. एके दिवशी ब्रेकची वायर माझ्या तोंडातून सटकली आणि वजीरभाईंची बोटं सोलवटली. ते रागावले नाहीत. नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मला बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या मुठींची नवी पक्कड आली. मी गंजक्या नट-बोल्टांच्या डब्यात जाऊन पडले. पुढं त्यांच्या बायकोला, झुलेखाभाभींना, सांडशी सापडेना, तेव्हा वजीरभाईंनी मला घरी नेलं. तेव्हापासून चहाचं पातेलं उतरवणं हेच माझं काम झालं. काम लहान असो की मोठं, ते करावंच लागतं. पण खरं सांगते, त्या ओट्यावर मला फार एकटं वाटायचं.

एका दुपारी भाभींच्या मुलीनं, साबियानं, त्यांना फोनवर काहीतरी दाखवलं. तारेच्या छोट्या छोट्या कड्या एकमेकींत गुंफून केलेले दागिने होते ते. कुठं शिवण नाही, कुठं डाग देऊन सांधलेलं नाही, नुसती कडीत कडी. कापडासारखी मऊ वळणारी धातूची वीण. भाभी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, हे तर विणकामच झालं. फक्त लोकरीच्या जागी तार."

भाभींच्या हातात कला होती. त्यांनी ॲल्युमिनियमची तार आणली. गॅरेजमधल्या एका बारीक सळईवर ती वेटोळं करून घट्ट गुंडाळली, मग करवतीनं उभी कापली. वेटोळ्याच्या कड्या सुट्या होऊन परातीत पडल्या. पण गॅरेजमधून आणलेल्या पिवळ्या मुठींच्या पकडीनं कडी दाबली की तिच्यावर दातांचे वण उठायचे. पहिली साखळी पूर्ण झाली तेव्हा ती उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. भाभींनी ती बाजूला सारली आणि चहा ठेवायला उठल्या.

पातेलं उतरवायला त्यांनी मला उचललं आणि त्या थबकल्या. माझ्या जबड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. आत सगळं गुळगुळीत. पातेलं तसंच ठेवून, गॅस बंद करून त्या मला घेऊन परातीपाशी आल्या. माझ्या तोंडात कडी धरली, बंद केली, उजेडात फिरवून बघितली. एकही ओरखडा नव्हता. मित्रांनो, ज्या कारणानं मी डब्यात पडले होते, त्याच कारणानं मी परत कामाला लागले.

या कामाला दोन पकडी लागतात, दोन हातांत दोन. भाभींनी वजीरभाईंना सांगितलं, "मला अजून एक अशीच पाहिजे."

"अशी म्हणजे? बिनदाताची पक्कड कुठं मिळते का?"

"तुम्ही एखादीचे दात ग्राइंडरवर घासून द्या ना."

"चांगल्या पकडीचे दात घासू? राव, गॅरेजवाले हसतील मला." असं म्हणाले खरे, पण संध्याकाळी एक छोटी पक्कड घासून, बोट लावलं तरी खुपणार नाही अशी करून घेऊन आले. तीच माझी जोडीदारीण.

शेजारच्या घरात मंजुळाबाई राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या. त्यांचा मुलगा दिग्विजय चाकणच्या एका कंपनीत कामाला होता. दुपारचं काम आवरलं की त्या भाभींकडं येऊन बसायच्या. आधी नुसत्या बघायच्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "मला जमंल का व हे, भाभी?"

"का नाही? बघा, कडी अशी फाकवायची नाही. फाकवली की तिचा गोल बिघडतो. एक टोक पुढं, एक टोक मागं. दार उघडतो तसं. आणि बंद करताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत. मग वरून बोट फिरवायचं. टोचलं तर समजायचं की कडी अजून उघडी आहे."

मंजुळाबाई शिकल्या. दोघी जणी परातीच्या दोन बाजूंना बसून बोलत बोलत काम करायच्या. माहेरच्या गप्पा निघायच्या. मी भाभींच्या उजव्या हातात आणि दुपारचं ऊन परातीतल्या कड्यांवर. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

दिग्विजयचं लग्न ठरलं. साखरपुड्यात नवऱ्या मुलीनं, स्वप्नालीनं, मंजुळाबाईंच्या मनगटावरची कड्यांची वीण बघितली. "आई, हे कुठून घेतलंत?" तिनं विचारलं. मंजुळाबाई लाजल्या. "आम्हीच करतो. मी आन् झुलेखाभाभी." त्यावर स्वप्नाली म्हणाली, "मग लग्नात मला असा कमरपट्टा कराल?"

झालं. दोघींना दुसरं काही सुचेना. कमरपट्ट्याची वीण रुंद असते, प्रत्येक कडी चार कड्यांना धरून ठेवते. काम चांगलं पुढं गेलं होतं, पण लग्न जवळ आलं आणि भाभींना तापानं गाठलं. त्या अंथरुणावरून उठेनात. उरलेला वीतभर भाग मंजुळाबाई एकट्या करत बसल्या. मी तेव्हा त्यांच्या हातात होते. घरात पाहुणे भरलेले, कुणी हळदीचं विचारतंय, कुणी आहेराचं. मंजुळाबाईंचा हात भरभर चालत होता. शेवटच्या काही कड्यांची टोकं पुरती टेकलीच नाहीत. मला ते जाणवत होतं. पण पक्कड बोलणार कशी?

लग्न रावेतच्या एका मंगल कार्यालयात होतं. भाभींचा ताप उतरला होता, अंगात ताकद मात्र नव्हती. निघताना त्यांनी थोड्या कड्या डबीत घेतल्या आणि मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. कमरपट्टा सैल-घट्ट करावा लागेल, असा त्यांचा विचार.

स्वप्नाली तयार झाली. शालूवर तो कमरपट्टा असा शोभला की खोलीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ती मोठ्यांच्या पाया पडायला लागली. मावशीच्या, शालनबाईंच्या पायांशी वाकली आणि कमरेवर ताण आला. एक कडी सुटली, तिच्या मागोमाग दुसरी. कमरपट्टा एका टोकाकडं उसवून खाली लोंबला आणि कड्या टणटण करत फरशीवर पसरल्या.

शालनबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते. तारेच्या कड्या त्या, लग्नात कशाला घालायच्या? काढून ठेव आता."

दारात मामा उभे होते. "अंतरपाट धरायची वेळ झाली, चला," ते म्हणाले.

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. भाभी पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "चूक माझीच आहे. मी नीट बघितलं नाही. स्वप्नाली, थोडं थांबशील का बेटा?"

"थांबते की," स्वप्नाली म्हणाली. "मामा, दहा मिनिटं. मी हाच घालणार आहे."

पण मी एकटीच होते, माझी जोडीदारीण घरी राहिली होती. भाभींनी वजीरभाईंना फोन लावला. ते गाडीच्या डिकीतली पक्कड घेऊन धावत आले. तिला दात होते. भाभींनी तिच्या जबड्यांवर रुमालाची पट्टी गुंडाळली. मग मला उचलून मूठ आवळली, पण ती पुरती मिटेना. तापानं हातातलं बळच गेलं होतं. कडी दोनदा निसटली.

त्यांनी मला मंजुळाबाईंपुढं धरलं. "तुम्ही करा."

मंजुळाबाईंनी हात मागं घेतला. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "भाभी, तुमची चूक नाही. शेवटची वीतभर वीण मी केली होती. घाई केली मी. बोट फिरवलंच नाही."

भाभी हळूच म्हणाल्या, "मला माहीत होतं. सकाळी मी हात फिरवला तेव्हा बोटाला टोचलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ती चूक माझीच ना?"

मंजुळाबाईंनी डोळे पुसले. "असं नगा करू व परत," त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं तर वाटू द्या मला." आणि त्यांनी मला हातात घेतलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी बरीच कामं केली, पण त्या खोलीतल्यासारखं काम पुन्हा झालं नाही. स्वप्नाली हात वर धरून उभी, दोघी तिच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसलेल्या. भाभी कडी ओवून द्यायच्या, मंजुळाबाई ती बंद करायच्या आणि भाभी लगेच वरून बोट फिरवायच्या. "ही टोचतेय," त्या म्हणायच्या. मंजुळाबाई निमूटपणे ती कडी पुन्हा उघडायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. डबीतल्या कड्या संपत आल्या. तेवढ्यात एक हात पुढं आला. तळहातावर फरशीवरून वेचलेल्या कड्या होत्या. हात शालनबाईंचा होता. त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च चालू होता. "सोफ्याखाली अजून आहेत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली वाकल्या.

स्वप्नाली कमरपट्टा घालून मांडवात गेली. अक्षता पडल्या, ती आणखी कितीतरी जणांच्या पाया पडली, पण एकही कडी हलली नाही.

आता दुपारी त्या परातीभोवती भाभी आणि मंजुळाबाई असतात, सुट्टीच्या दिवशी स्वप्नालीही येऊन बसते. परवा तिनं पहिलं ब्रेसलेट पूर्ण केलं आणि मोठ्या हौशीनं सासूबाईंच्या हातात दिलं. मंजुळाबाईंनी त्यावर बोट फिरवलं. "छान झालंय. फक्त ही कडी उघडी आहे बघ." स्वप्नालीनं मला उचललं, कडी नीट केली आणि विचारलं, "आता?"

"आता बरोबर," मंजुळाबाई म्हणाल्या.

काम संपलं की भाभी मला पुसतात आणि माझ्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडतात. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार कुठल्यातरी डब्यात पडलेलं असेल. त्याला एकदा बाहेर काढा, पुसा, हातात धरून बघा. ते अजून काय करू शकतं, हे कदाचित त्यालाही माहीत नसेल. आणि चार जणांनी मिळून काही बनवत असाल, तर कुठं काही टोचलं की ते तिथंच, प्रेमानं, पण स्पष्ट सांगा.