बोटभर वाढलेला पाय

बाडहूव्हडॉर्प या डच गावातला तो हॉल एरवी बॅडमिंटनचा, पण त्या शुक्रवारी संध्याकाळी तिथे मराठी ख्रिस्ती मंडळींच्या सभेत मुंगी शिरायला जागा नव्हती. स्किपोल विमानतळावर उतरणारी विमानं छपरावरून घरघरत जात होती आणि स्टेजवरच्या पाहुण्याचा आवाज त्यांनाही पुरून उरत होता.

हा ब्रदर डेल. टेक्ससहून आलेला, चांदीच्या बकलाचा, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेला. देव, देश आणि निवडणूक हे तिन्ही तो एकाच घासात कालवायचा.

"अमेरिकेत त्यांनी देवाला शाळेबाहेर काढलं," तो गरजला, "आणि त्याच दारातून सरकार सुई घेऊन आत आलं! विद्यापीठं सांगतात, तुमचा आजा माकड होता. शास्त्रज्ञ दरवर्षी मत बदलतात. माझा देव बदलतो का?"

"नाही!" हॉल ओरडला.

शेजारी उभा राहून त्याचं वाक्यन् वाक्य मराठीत सांगत होता रणजित. नगरच्या ख्रिस्ती घरातला, आता अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये स्थायिक झालेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची थोरली बहीण मंजूषा पहिल्या रांगेत बसली होती. ती इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे आणि रविवारची उपासनाही चुकवत नसे. या दोन गोष्टींचं भांडण होतं हे तिला आजच कळत होतं. डेलच्या राजकारणाचं तिला फारसं काही वाटलं नाही. मतं ज्याची त्याची. त्यातली निम्मी तर नगरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तिने लहानपणीच ऐकली होती. मत बदलणाऱ्या शास्त्रज्ञांवरचा टोमणा मात्र तिला झोंबला. चूक कळल्यावर मत बदलणं हा दोष कधीपासून झाला?

मग चमत्कार सुरू झाले. कंबरदुखीच्या एका माणसाला डेलने खुर्चीत बसवलं आणि त्याच्या दोन्ही टाचा एका हातावर तोलून धरल्या. उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला बोटभर आखूड!

"वाढ! येशूच्या नावाने वाढ!"

आणि हळूहळू दोन्ही बूट एका रेषेत आले. हॉलमध्ये आरोळ्या उठल्या. मंजूषाच्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते तिला सांगता येईना.

शेवटी रणजितने आपल्या लेकीला पुढे आणलं. सानिका नऊ वर्षांची. काही महिन्यांपूर्वी तिला मधुमेह निघाला होता, जन्मभर इन्सुलिन लागणारा. पण गेले काही आठवडे तिची साखर आटोक्यात होती आणि डॉक्टरांनी डोसही बराच उतरवला होता. रणजितने ही आनंदाची बातमी डेलच्या कानावर आधीच घातली होती. डेलने ती देवाकडून आत्ताच कळल्यासारखी सांगितली.

"ही मुलगी बरी होते आहे! सुई टाका. सुई म्हणजे संशय. ज्यांच्याकडे गोळ्या आहेत त्यांनीही टाका!"

रणजितने तेही मराठीत सांगितलं. त्याचे डोळे वाहत होते.

रविवारी दुपारी रणजितच्या घरी आभाराची प्रार्थना होती. दाराशी चपला-बुटांचा ढीग पडला होता, सगळी मंडळी मोज्यांवर. एकटा डेल बुटांसकट गालिच्यावर बसला होता आणि त्याला सांगायचा धीर कुणाला होत नव्हता. समोरच्या टीपॉयवर इन्सुलिनच्या पेनांचा आणि साखर मोजायच्या यंत्राचा डबा. प्रार्थनेनंतर तो सर्वांसमक्ष कचऱ्यात जायचा होता.

मंजूषा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर सानिका नळाशी उभी. एक पेला संपवला, दुसरा भरला, तोही संपवला.

"इक हेब डॉर्स्ट, आत्या," ती डचमध्ये म्हणाली. तहान लागली आहे. तिचे ओठ सुकले होते, श्वास खोल आणि भराभर चालला होता. त्या श्वासाला जास्त पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. इन्सुलिन तुटलं की असा वास येतो हे ठाऊक असलेली मंजूषा ओट्याशी उभ्या भावजयीकडे वळली.

"पूर्णिमा, हिला इन्सुलिन कधी दिलंस?"

भावजय खाली बघू लागली. "शुक्रवारपासून नाही, ताई. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सरपण यांनी काढला. म्हणाले, मोजणं म्हणजे अविश्वास."

मंजूषाने तिथल्या तिथे आपत्कालीन नंबर लावला. रुग्णवाहिका निघाली. फोन ठेवून ती बाहेर आली, तर रणजित तिच्यापुढे आडवा उभा.

"मी रुग्णवाहिका परत पाठवीन, ताई. माझी मुलगी आहे. दोन दिवस कळ काढ, सैतान शेवटचा जोर लावतोय एवढंच."

"कोण म्हणालं असं?"

रणजितने डेलकडे पाहिलं. डेल हसला आणि टाळी वाजवून उठला. संशय फिटावा म्हणून तो आणखी एक चमत्कार करणार होता. त्याने जमलेल्यांतल्या, कंबरदुखीच्याच श्रीकांतकाकांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी बूट घालून या. बायबल सांगतं, सुवार्तेचे जोडे पायात हवेत."

दाराकडे निघालेल्या काकांना मंजूषाने हाताने थांबवलं. शुक्रवारी काय खटकलं होतं ते तिला आता उमगलं. त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसाची एक टाच बुटात नीट बसलेलीच नव्हती.

"बूट कशाला?" तिने इंग्रजीत विचारलं. "देवाला मोजे चालत नाहीत?"

"विश्वास नसलेल्या घरात मी काम करत नाही," डेल म्हणाला.

"मग मी करते. रणजित, बूट घाल आणि बस."

लहानपणापासून ताईने 'बस' म्हटलं की तो बसत आला होता. आजही बूट घालून बसला. तिने त्याच्या टाचा एका हातावर घेतल्या. उजवा पाय बोटभर आखूड दिसत होता. खोलीत सगळे पुढे वाकले.

"मी प्रार्थना करत नाहीये हं. फक्त बघ."

आखूड पाय सगळ्यांदेखत वाढला आणि दुसऱ्याला येऊन टेकला. पूर्णिमाच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

"आखूड पायाकडे बघू नका, तिथे काहीच घडत नाही. लांब पायाकडे बघा. टाच उचलताना मी त्याचा बूट बोटभर ओढून घेतला, म्हणून तो पाय लांब दिसला. मग हळूच ढकलून परत बसवला. मोज्यात ही लबाडी करता येत नाही, म्हणून याला जोडे लागतात."

रणजितने बूट काढून भिरकावले. "पण सानिकाची साखर? ती तर खरंच उतरली होती!"

"उतरली होती, इन्सुलिन चालू असताना! डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं की बाहेरून मदत मिळाली की इन्सुलिन बनवणाऱ्या थकलेल्या पेशी थोडे महिने उभारी धरतात आणि मग कायमच्या बसतात. तू अर्धंच ऐकलंस. त्या थोड्या महिन्यांत हा इथे आला. कावळा बसला आणि फांदी तुटली. विश्वास ठेवू नकोस माझ्यावर. बोटातून थेंब काढ आणि मोज!"

बोट टोचायची तिची खूण पाहून डेलने पेनांचा डबा छातीशी धरला होता. "ब्रदर रणजित, मोजलंस तर आशीर्वाद जाईल."

रणजितने त्याच्या हातातून डबा हिसकावून घेतला. सानिका एव्हाना सोफ्यावर येऊन कलंडली होती, तिचं बोट टोचल्याचंही तिला फारसं कळलं नाही. साखरेचा चढलेला आकडा पाहून रणजितने धावत जाऊन दार उघडलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो मोज्यांवरच रस्त्यात उभा राहिला. त्या गडबडीत डेल केव्हा सटकला ते कुणी पाहिलं नाही. सोमवारी त्याची दुसऱ्या देशात सभा होती.

इस्पितळात सानिकाला सलाईन लागलं. धोका टळला असं म्हणायला डॉक्टर तयार नव्हते.

"ताई, प्रार्थना केली तर चालेल?" रणजितने विचारलं.

"मी मघापासून तेच करतेय. आपल्या आजोबांचा जीव अमेरिकन मिशनच्या दवाखान्यात वाचला होता रे. ते पाद्री प्रार्थनाही करायचे आणि सुईही टोचायचे."

त्याने मान हलवली. मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला. "शुक्रवारी इंग्रजी न कळणाऱ्यांनी माझं ऐकलं गं. 'गोळ्या टाका' हे त्यांना मी सांगितलं."

त्याने फोन काढला आणि चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आवाजी निरोप बोलू लागला. "मी रणजित. शुक्रवारी मी जे सांगितलं ते खोटं होतं. पाय वाढला नव्हता, बूट सरकला होता. माझी मुलगी इस्पितळात आहे. देवावर श्रद्धा ठेवा किंवा ठेवू नका, पण औषध बंद करू नका. आणि जो तुम्हाला म्हणेल की तपासू नका, मोजू नका, विचारू नका, त्याला दाराबाहेर काढा. माझ्यासारखा उशीर करू नका."

निरोप गेला. त्याच्या वरच हार्लेमच्या चारुताचा कालचा निरोप होता. तिची आई पुण्याहून आली होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. 'आईने फिट्सच्या गोळ्या काल रात्री टाकून दिल्या. प्रभूची स्तुती असो.'

रणजितने तिला फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. त्याने पुन्हा लावला.

"तू इथे थांब, ताई, मी हार्लेमला निघालो," तो म्हणाला आणि फोन कानाला तसाच धरून जिन्याकडे धावला. पलीकडे अजून कुणी उचलत नव्हतं.