पहिल्या बेसवर फुकट

सविता नवलाख उंबरे गावची. दहावीत होती, तळेगावच्या शाळेत, आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर होती. या खेळात बॉल कमरेखालून हात फिरवून टाकायचा असतो. सविताचा हात असा फिरायचा की समोरच्या पोरीला काही कळायच्या आत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजलेला असायचा. तिचा बॉल खणखणीत मारू शकेल अशी तालुक्यात एकच मुलगी होती, टाकवे बुद्रुकची उमेरा.

सतरा वर्षांखालच्या मुलींची तालुक्याची फायनल लोणावळ्यात होती. मैदान ओलं होतं, म्हणून पिचरच्या गोलात लाकडाचा भुसा पसरला होता. पहिल्याच इनिंगमध्ये उमेरानं सविताचा दुसरा बॉल उचलला आणि कुंपणापलीकडच्या बंगल्याच्या बागेत घातला. होम रन. बॉल शोधून आणायला दहा मिनिटं गेली. सविताला राग आला, पण खरं सांगायचं तर मजाही आली. पुढच्या वेळी हिला छातीच्या उंचीवर टाकायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

ती पुढची वेळ आलीच नाही. उमेरा दुसऱ्यांदा बॅट घेऊन उभी राहिली, तेव्हा सविताचे कोच निवृत्ती सर बाकावरून उठले. अंपायरकडे बघून त्यांनी चार बोटं वर केली आणि पहिल्या बेसकडे हात दाखवला. अंपायरनं मान हलवली.

याला मुद्दाम वॉक म्हणतात. चारही बेस फिरून आलं की एक रन; तीन नीट बॉल हुकले की बॅटर आऊट, पण चार बॉल चुकीचे पडले की तिला पहिला बेस फुकट मिळतो. समोरची फार चांगली असेल, तर तिला मारायला न देता मुद्दाम तिथं पाठवून द्यायचं. आता तर ते चार बॉल टाकावेही लागत नाहीत, कोचनं सांगितलं की झालं. उमेराला आधी समजलंच नाही. मग बॅट खाली ठेवून ती चालत निघाली. तिसऱ्या वेळीही तेच.

उमेराची आई अजीजुन्निसा गावात बांगड्यांचं दुकान चालवायची. त्या दिवशी दुकान बंद ठेवून ती लेकीचा खेळ बघायला पहिल्यांदाच आली होती. ती दोरीपाशी येऊन ओरडली, "अवो सर, माझ्या पोरीला चालायला आणलीय व्हय हितं? बाल टाका की तिला!"

लोक हसले. निवृत्ती सरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. सविताची कानशिलं मात्र तापली.

पाचव्या इनिंगमध्ये टाकव्याची चौथ्या नंबरची बॅटर घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. ती उमेराच्या मागून खेळायची. तिच्या जागी टाकव्याच्या सरांकडं एकच राखीव मुलगी होती, उमेराची चुलत बहीण नूर. सातवीतली. खेळाडू कमी पडू नयेत म्हणून नावापुरती आणलेली. हेल्मेट तिच्या भुवयांखाली येत होतं.

शेवटची इनिंग आली. तळेगाव पाच, टाकवे चार. टाकव्याच्या दोघी आऊट झालेल्या, तिसरी गेली की सामना संपला; दोघी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, आणि बॅटिंगला उमेरा. सर पुन्हा वॉक देणार, हे सविताला कळलं. ती स्वतःच धावत सरांकडं गेली.

"सर, या वेळी मला टाकू द्या. मी काढते तिला."

"आणि नाही निघाली तर?"

"तर नाही निघाली, सर."

"वेडी आहेस का?" सर हळू आवाजात म्हणाले. "मागून कोण येतंय बघ. ती बॅट उचलताना वाकतेय. तिला तीन बॉल टाक आणि घरी चल."

त्यांनी अंपायरला चार बोटं दाखवली. उमेरा या वेळी थांबली नाही. तिनं बॅट नूरच्या हातात दिली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. तिन्ही बेस भरले. सगळ्या मैदानाचं लक्ष त्या सातवीतल्या मुलीवर.

पहिल्या बॉलला नूरनं बॅट हलवली नाही. दुसऱ्याला हलवली, पण बॉल कॅचरनं परत फेकल्यावर. तळेगावच्या बाकावरून कुणीतरी खिदळलं. आपण हळू टाकावा, असं सविताच्या मनात आलं. पण सर ओरडत होते, "जोरात! जोरात!", आणि हाताला सवय होती ती जोराचीच. तिसऱ्या बॉलला नूरनं डोळे मिटून घेतले होते. सविताला ते स्पष्ट दिसलं, आणि बॉल तर हातातून सुटला होता.

आऊट. तळेगाव जिंकलं.

मुली सवितावर येऊन पडल्या, तिला उचलायला लागल्या. त्यांच्या खांद्यांमधून तिला नूर दिसत होती. नूर अजून तिथंच बॅट घेऊन उभी होती, आणखी एक बॉल यायचा असावा तशी. शेवटी उमेरानं येऊन तिच्या हातातली बॅट सोडवली आणि तिला खांद्याला धरून नेलं.

सरांनी पेढे आणले होते. सवितानं एक तोंडात टाकला, पण तो गिळवेना. नळाच्या मागं जाऊन तिनं तो थुंकून टाकला आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिली. तिला स्वतःच्या हाताचीसुद्धा किळस आली होती.

परतीच्या गाडीची वाट बघताना सरांनी तिला विचारलं, "जिंकून असं तोंड का?"

"सर, आपण त्या बारक्या पोरीला गाठून हरवलं."

"आपण नियमानं खेळलो. मुद्दाम वॉक पुस्तकात आहे. मोठमोठे संघ करतात."

"मोठमोठ्या संघात सातवीतली पोरगी नसते, सर."

सरांनी सामानाची पिशवी बंद केली. मग म्हणाले, "हे बघ, पुढं गेलात तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील. तुलाच मिळतील. मी माझ्यासाठी करतो का हे?"

हे ऐकून सविताला जास्तच वाईट वाटलं, कारण ते खोटं नव्हतं. सर पहाटे पाचला मैदानावर यायचे, तिचे बूटही त्यांनीच स्वतःच्या खिशातून घेतले होते.

रविवारी ती टाकव्याला गेली. अजीजुन्निसाच्या दुकानात उमेरा बांगड्यांची खोकी लावत होती. सवितानं पिशवीतून बॉल काढला.

"चल मैदानात. मी टाकते, तू मार. पायजे तेवढे मार."

उमेरानं बॉलकडं बघितलं. "आता मारून काय व्हनार?"

"माझ्या मनाला बरं वाटंल."

"तुज्या मनाला," उमेरा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला चार बाल न्हाई मिळाले, ते मी इसरंन. नूर शाळेतच जाईना. पोरी तिला वर्गात चार बोटं दाखवत्यात. तिला बरं वाटंल असं काय आनलंयस का?"

सवितानं बॉल परत पिशवीत टाकला. तिनं विचारलं, "नूर हाय का घरात?"

"हाय. पर तुला बघून आतल्या खोलीत गेली."

अजीजुन्निसा इतका वेळ गल्ल्यापाशी बसून ऐकत होती. ती उठली आणि तिनं सविताला पाणी दिलं. "तू लेकरूच हायेस गं," ती म्हणाली. "पर तुज्या सरांना कुनीतरी सांगाया पायजे. आमी सांगितलं तर हसत्यात."

"मी सांगते, मावशी," सविता म्हणाली.

सोमवारी सरावाच्या आधी तिनं सांगितलं. "सर, जिल्ह्याला मी पिचिंग करीन. पण असा वॉक दिलात, तर मी बॉल खाली ठेवीन."

सर हसले. "बरं बरं. आधी पळून ये, मैदानाला पाच फेऱ्या."

त्यांना ते पोरीचं बोलणं वाटलं.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचे सामने होते. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाची कॅप्टन एक उंच डावखुरी मुलगी होती, आणि तिच्या मागं होती चष्मेवाली, घाबरलेली, बॅट उलटी-सुलटी धरणारी एकजण. चौथ्या इनिंगला दोन बेस भरले होते. डावखुरी आली. सरांची चार बोटं वर गेली.

सवितानं बॉल गोलाच्या मधोमध ठेवला, ग्लोव्ह काढला आणि ती चालत बाकावर येऊन बसली.

"हे काय चाललंय?" सरांचा चेहरा लाल झाला होता. "ऊठ!"

"तुम्हाला सांगितलं होतं, सर."

"सगळ्या पोरींची मेहनत तू मातीत घालतेयस. कळतंय का?"

"कळतंय, सर."

कळत होतं, तरी ती उठली नाही. सरांनी नववीतल्या राखीव पिचरला आत पाठवलं. डावखुरीला वॉक मिळाला, मग त्या मुलीनं चष्मेवालीला तीन बॉलमध्ये आऊट केलं, आणि तळेगाव तो सामना दोन रननं जिंकलं. मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सविताकडं कुणी आलं नाही. बाहेर बसून बघताना तिला ते आणखीच ओंगळ वाटलं. ती चष्मेवाली चष्मा पुसत रडत होती, आणि तिचे सर तिलाच रागावत होते.

दुपारच्या सामन्यात सरांनी सविताला घेतलं नाही. तळेगाव चौदा-तीननं हरलं. समोरच्या संघात कुणाला वॉक देऊन भागण्यासारखं नव्हतं, सगळ्याच मारत होत्या. सामान भरताना सर तिच्याजवळ आले.

"तू असतीस तर जिंकलो असतो."

"मी होते की, सर."

"माफी लिहून दे. नाहीतर यादीत नाव राहणार नाही."

घरी तिची आई रतनबाई म्हणाली, "दे की लिवून. सर वाईट मानूस न्हाई."

"न्हाईतच वाईट," सविता म्हणाली. "म्हनून तर लिववत न्हाई, आये. लिवलं तर त्यांना वाटंल, आपलंच बरोबर व्हतं."

तिनं लिहून दिलं नाही. आठवड्याभरानं फळ्यावर संघाची नवी यादी लागली. सवितानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. तिच्या जागी त्या नववीतल्या मुलीचं नाव होतं, आणि ती मुलगीही तिथंच, जरा लांब, चोरट्यासारखी उभी होती.

सविता तिच्याजवळ गेली. "उंच बॉल टाकताना तुझं मनगट उशिरा फिरतं. आधी फिरव. अस्सं."

मुलीनं हात फिरवून बघितला. मग तिनं विचारलं, "ताई, तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," सविता म्हणाली. "लय वाटतं."

घंटा झाली, तशी दप्तर खांद्याला लावून ती वर्गाकडं निघाली.