माझ्यावर हात पुसायचे तर आधी जेवा

मी तोमिएच्या खानावळीच्या दारावरचा निळा पडदा बोलतोय. बोलतोय कसला, भडकलोय!

आमच्या बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: पडदा बाहेर टांगलेला असला की दुकान चालू. पडदा नाही, तर बंद. मग आत दिवा असो, रस्सा उकळत असो, कुणी दार वाजवणार नाही. मुकाट माघारी फिरतात.

मला शिवलं तोमिएच्या थोरल्या बहिणीनं, शिझुयोनं. तिचे टाके वाकडे, पण चिवट. तिच्यासारखेच! दोघींनी मिळून दुकान काढलं. भाताचे गोळे आणि माशांचा रस्सा. कोळी यायचे, हातानं हाणायचे आणि जाताना माझ्या कडेला हात पुसायचे. मळलेला पडदा म्हणजे चालणारं दुकान. ते डाग म्हणजे माझी बक्षिसं होती, काय समजलात?

मग दोघींचं फाटलं. कशावरून? रश्श्यात सुके मासे टाकताना त्यांची डोकी काढायची की नाही! शिझुयो म्हणे, "डोक्यांनी रस्सा कडू होतो." तोमिए म्हणे, "तुझ्या जिभेनं होतो." झालं. शिझुयो समोरच्या बेटावर गेली ती गेलीच.

परवा गेनिची कोळी निरोप घेऊन आला. "तोमिए, तुझी ताई शनिवारी दुपारच्या बोटीनं येतेय. म्हणाली, पडदा दिसला तर आत येईन. नसला तर समजेन, मी नकोय. त्याच बोटीनं परत."

"मी कुठं बोलावलंय?" तोमिए फणकारली. पण शनिवारी उजाडताच मला इस्त्री करून टांगलं तिनं!

आणि नेमकं तेव्हाच ते पर्यटकांचं जहाज आलं. आख्ख्या गावापेक्षा मोठं. त्यातून माणसं सांडली. दुपारपर्यंत गाव बघायचं म्हणे. बघतात कुठं? फोन बघतात! एकानं माझं टोक ओढलं, एकीनं मला गालाला लावलं. आत जेवायला एक जण गेला असेल तर शपथ!

मग आला एक टोपीवाला. त्यानं मला काठीवरून उपसलंच. अंगावर पांघरून धक्क्यापर्यंत मिरवला, आइस्क्रीम खाल्लं आणि तोंड मला पुसलं. जहाजाचा भोंगा वाजला तसा मला बोटी बांधायच्या खुंटावर फेकून पळाला. अरे, तुझ्या आजीची गोधडी आहे का मी?

तोमिए मागच्या ओट्यावर बसलेली. तिला पत्ताच नाही.

तेवढ्यात बेटावरची बोट लागली. शिझुयो उतरली आणि गल्लीकडे नजर लावून माझ्यासमोरून तरातरा निघून गेली. मी बोंबलतोय, पण कापडाचं ऐकतंय कोण!

थोड्याच वेळात परत आली. मान खाली. मान खाली होती म्हणूनच तिला मी दिसलो. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"नुसता काढला नाही, फेकूनच दिला?" मला तिनं काखेत कोंबलं.

"मावशी, बोट सुटतेय!" बोटवाला ओरडला.

"सुटू दे मेली!"

खानावळीचं दार तिनं खाडकन सरकवलं. "तोमे! लाज नाही वाटली? माझा पडदा..."

आत मागच्या ओट्यावर तोमिए होती. पुढ्यात सुक्या माशांच्या डोक्यांचा ढीग. एकेक डोकं खुडत होती.

"पडदा दारावरच आहे की," तोमिए वर न बघता म्हणाली. "ओरडू नकोस. बोटं सोलली माझी. बस खुडायला."

मग दोघींना माझ्यावरचं आइस्क्रीम दिसलं. टोपीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. दोघींनी मिळून केला, एका सुरात!

आता मी परत दारावर आहे. डाग काही गेला नाही आणि रागही गेलेला नाही. उद्या पुन्हा जहाज येतंय. तर ऐका रे जहाजवाल्यांनो, मी काही सोवळा नाही. पुसा ना माझ्यावर हात, खुशाल पुसा.

पण आधी आत जा, बसा आणि जेवा.